नळीचा बर्ड फीडर: वस्तू चांगली, पण खान्देशात तो टांगावा कुठे?

पारदर्शक नळीचे बर्ड फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणा घालायची टांगती भांडी, आता जळगाव-धुळ्याच्या रोपवाटिकांमध्येही दिसू लागले आहेत आणि ऑनलाइन तर ते कितीतरी नावांनी विकले जातात. रचना जवळपास सगळ्यांची एकच असल्यामुळे येथे मी एखाद्या कंपनीचे नव्हे, तर त्या रचनेचे परीक्षण करीत आहे. साधारण एक फूट उंचीची प्लास्टिकची नळी, वर फिरवून काढायचे झाकण, झाकणातून आलेली तारेची कडी, बाजूंना चार भोके, प्रत्येक भोकाखाली बोटभर लांबीची बसायची काडी आणि तळाशी सांडलेला दाणा झेलणारी बशी, असे त्याचे स्वरूप असते. मी घेतलेला फीडर साडेपाचशे रुपयांच्या आसपास पडला. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत जळगावच्या वस्तीबाहेरच्या बाजूला असलेल्या आमच्या बैठ्या घराच्या अंगणात तो वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की वस्तू घेण्याजोगी आहे, मात्र तिच्यासोबत येणारा सूचनांचा कागद आपल्या प्रदेशासाठी निरुपयोगी आहे आणि त्या कागदाने ज्या गोष्टीला अवघ्या दोन ओळी दिल्या आहेत, त्या जागेच्या निवडीवरच या फीडरचा सगळा उपयोग अवलंबून आहे.

कागदावर लिहिले आहे की फीडर मोकळ्या आणि भरपूर ऊन मिळणाऱ्या ठिकाणी टांगावा. जेथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि दाणा ओलसर राहून कुजण्याची भीती असते, तेथे हा सल्ला योग्यच आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या आसपास असतो आणि भुसावळकडे तर पंचेचाळीसची नवलाई राहिलेली नाही. अशा उन्हात पारदर्शक नळीच्या आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापते, शेंगदाणा किंवा सूर्यफुलासारखे तेलयुक्त दाणे थोड्याच दिवसांत खवट होतात, प्लास्टिक पिवळे पडून भोकांभोवती चिरा जातात, आणि फीडरच्या काड्या धातूच्या असतील तर त्यांवर दुपारी बोट टेकवत नाही, तेथे चिमणीने पाय कसा ठेवावा? म्हणून खान्देशात जागा निवडताना पहिला प्रश्न सावलीचा असायला हवा. बाकीचे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

सावलीचा विचार मात्र अंदाजाने करून चालत नाही. घराची उत्तर बाजू सावलीची असते, असा सर्वसाधारण समज आहे आणि हिवाळ्यापुरता तो खराही आहे. परंतु जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडेच झुकलेला असतो. शिवाय उन्हाळ्यात तो उगवतो ईशान्येकडे आणि मावळतो वायव्येकडे, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीला सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन लागतेच. पश्चिमेची बाजू तर विचारातही घेऊ नये, कारण दुपारी तीनच्या सुमारास तेथे भिंत स्वतःच धग सोडू लागते. राहिली पूर्व. पूर्वेला सकाळचे कोवळे ऊन मिळते, पक्ष्यांची दाणे टिपण्याची सर्वांत मोठी वेळही सकाळचीच असते, आणि मध्यान्हानंतर घराची सावली हळूहळू लांबत जाऊन संध्याकाळच्या दुसऱ्या फेरीपर्यंत अंगण निवलेले असते. दहा ते बारा या दोन तासांपुरती झाडाची सावली मिळाली की जागेचे निम्मे काम झाले.

आता झाड कोणते, हाही मुद्दा आहे. सीताफळ उन्हाळ्यात जवळजवळ निष्पर्ण असते. बोरीचीही तीच गत, आणि शिवाय तिची छाटणी त्याच दिवसांत होते. शेवग्याची सावली विरळ आणि फांदी ठिसूळ. निंब मात्र फाल्गुनात पाने गाळून चैत्रात नव्या पालवीने भरून जातो, म्हणजे ज्या दिवसांत सावलीची खरी गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत तो सर्वांत दाट असतो. आमच्या अंगणातल्या निंबाच्या पूर्वेकडील आडव्या फांदीला हा फीडर लटकवल्यापासून त्याच्याविषयीच्या माझ्या बहुतेक तक्रारी मिटल्या आहेत. आंबा किंवा चिंच असेल तरी चालेल, परंतु ज्यांच्या अंगणात निंब आहे त्यांनी दुसरे झाड शोधू नये.

सावलीनंतर आडोशाचा प्रश्न येतो, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण फीडर टांगूनही पक्षी येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगणात मला याच गोष्टीची उणीव दिसली आहे. चिमण्या सरळ उडत येऊन फीडरवर बसत नाहीत. त्यांचा थवा आधी जवळच्या एखाद्या दाट झुडपात उतरतो, तेथे बराच वेळ चिवचिवाट करतो, मग एखादी धीट चिमणी पुढे येते आणि तिला काही झाले नाही हे पाहून बाकीच्या तिच्यामागून येतात. शिक्रा घिरट्या घालू लागला किंवा कोणी दार जोरात आपटले, की सगळा थवा क्षणात पुन्हा त्याच झुडपात शिरतो. असे झुडूपच नसेल, तर नव्या कॉलनीतल्या फरशी घातलेल्या चकचकीत अंगणात फीडर कितीही चांगला असला तरी तो नुसता लटकत राहतो. मेंदीचे कुंपण, बोगनवेल, काटेकोरांटी, जास्वंद यांपैकी काहीही चालते. काटेरी असेल तर अधिकच चांगले, कारण त्यात मांजर सहजासहजी शिरत नाही.

मात्र झुडूप अगदी फीडरखालीही नको. मांजर दबा धरून बसते ते तिथेच, आणि खाली सांडलेला दाणा टिपणारे होले हे त्याचे सर्वांत सोपे भक्ष्य असते, कारण होला जमिनीवरून उठायला जड असतो. आठ ते दहा फुटांचे अंतर मला योग्य वाटते. तेवढ्या अंतरात मांजराला उघड्यावरून धावत यावे लागते आणि पक्ष्याला एका झेपेत झुडूप गाठता येते. उंचीच्या बाबतीत फीडरचा तळ जमिनीपासून सहा फुटांच्या आसपास असावा, म्हणजे मांजराची उडी तेथवर सहसा पोहोचत नाही आणि आपल्याला मात्र स्टूल न घेता, हात वर करून तो काढता येतो. ही दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण जो फीडर काढायला शिडी लागते तो धुतला जात नाही, आणि न धुतलेल्या फीडरपेक्षा फीडर नसलेला बरा. याविषयी पुढे लिहितो.

वाऱ्याचा विचार सूचनांच्या कागदात मुळीच नाही, आणि खान्देशात तो टाळताच येत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा सरेपर्यंत आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोराने वाहतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. माझी मोठी बहीण त्याच तालुक्यात राहते. तिने असाच फीडर गच्चीच्या कठड्याला लावलेल्या लोखंडी कडीत अडकवला होता. वाऱ्याने नळी इतकी हेलकावते की चिमणीला काडीवर तोल सावरता येत नाही, आणि भोकांचा आकार ज्वारीच्या दाण्याला बेताचा असल्यामुळे बाजरीसारखा बारीक दाणा प्रत्येक हेलकाव्यासरशी बाहेर सांडतो. सकाळी भरलेली नळी दुपारपर्यंत निम्मी रिकामी होते, ती पक्ष्यांमुळे नव्हे. हा फीडरच्या रचनेतला खरा दोष आहे, कारण भोके लहान-मोठी करण्याची सोय त्यात नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तळाच्या बशीला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक खालच्या फांदीला किंवा खुंटीला सैलसर अडकवावे, म्हणजे हेलकावे मंदावतात. दुसरा, अधिक चांगला उपाय म्हणजे जागाच वाऱ्याच्या आडोशाची निवडावी. रावेर-यावलचे शेतकरी केळीच्या बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ लावून वारा अडवतात, तेच तत्त्व अंगणात घराच्या भिंतीकडून साधता येते. घराच्या पूर्वेला पश्चिमेचा वारा अडतो. सावलीसाठी जी बाजू योग्य ठरली, तीच वाऱ्यासाठीही योग्य ठरावी हा खान्देशातला सुखद योगायोग आहे. बहिणीने फीडर गच्चीवरून काढून घराच्या पूर्वेच्या पडवीत टांगला, तेव्हापासून दाणा सांडणे बरेच कमी झाले.

ज्यांच्याकडे मोठे झाड नाही, ते या फीडरसोबत वेगळा मिळणारा लोखंडी खांब घेतात. या खांबाची शिफारस मी करणार नाही. त्याला जमिनीत रोवण्यासाठी वीतभर लांबीचे टोकदार पाय असतात, आणि ते आपल्या काळ्या मातीत टिकत नाहीत. काळी माती उन्हाळ्यात आकुंचन पावून तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, त्यामुळे उन्हाळ्यात घट्ट वाटलेला खांब मृगाचे दोन पाऊस होताच एका बाजूला कलतो. खांबच हवा असेल तर दीड-दोन फूट खड्डा घेऊन मुरूम आणि सिमेंटमध्ये साधा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप बसवून घ्यावा. हे काम कोणताही गवंडी अर्ध्या दिवसात करून देतो आणि खर्चही त्या तयार खांबापेक्षा फार अधिक येत नाही.

काचेविषयी मात्र कोणीही दुर्लक्ष करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. नव्या बंगल्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि त्यांना काळसर किंवा निळसर परावर्तक काच बसवण्याची पद्धत आता गावोगाव पोहोचली आहे. या काचेत समोरचे झाड आणि आकाश जसेच्या तसे दिसते, आणि दचकून उडालेला पक्षी त्या प्रतिबिंबातल्या झाडाकडे झेपावतो. आपटल्यावर तो उडून गेला तरी वाचलाच असे समजू नये, कारण आतल्या दुखापतीने तो पुढे कुठेतरी मरू शकतो. यासंबंधीचा नियम सर्वमान्य आहे: फीडर खिडकीपासून एक तर तीन फुटांच्या आत असावा किंवा तीस फुटांच्या पलीकडे. तीन फुटांच्या आत असेल तर पक्ष्याला घातक वेग घ्यायला अंतरच मिळत नाही, आणि तीस फुटांपलीकडे तो काचेचा भाग टाळून जाण्याची शक्यता वाढते. सर्वांत वाईट अंतर ते मधले, दहा-पंधरा फुटांचे, आणि आपल्या नेहमीच्या प्लॉटमध्ये नेमके तेवढेच अंतर सहज मिळते. अशा वेळी मच्छरजाळी काचेच्या आतून न लावता बाहेरून लावून घ्यावी. जाळीमुळे प्रतिबिंब पुसट होते आणि पक्षी आदळलाच तरी आघात सौम्य होतो. फीडरसोबत काचेला चिकटवायच्या रबरी चकत्याही मिळतात, पण उन्हाने आणि धुळीने त्या सुटतात, तेव्हा त्यांचा भरवसा धरू नये.

दाण्याच्या खाली काय आहे, हेही टांगण्यापूर्वी पाहावे. तळाची बशी कितीही रुंद असली तरी दाणा सांडतोच, कारण चिमण्या टरफल काढताना आणि नावडता दाणा फेकताना तो खाली टाकत असतात. सांडलेल्या दाण्यावर होले आणि साळुंक्या येतात, आणि त्याखालच्या किड्यांसाठी सातभाई येतात, हे पाहण्यासारखे असते. पण रात्री त्याच दाण्यावर उंदीर आणि घुशी येतात, आणि घुशींच्या मागे साप येतो, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून स्वयंपाकघराचे मागचे दार, धान्याची कोठी आणि मुले खेळतात ती जागा यांपासून फीडर दूर ठेवावा, त्याच्याखाली मोकळी माती न ठेवता शहाबादी फरशीचे दोन तुकडे टाकावेत आणि दिवस मावळण्यापूर्वी ते झाडून घ्यावेत. पावसाळ्यात तर मातीत पडलेली ज्वारी उगवून येते आणि कुजते.

स्वच्छतेच्या बाबतीत या फीडरला मी कमी गुण देतो. नळीचा तळ वेगळा होत नाही, त्यामुळे सर्वांत खालच्या भोकाखाली अडकलेला दाणा तसाच राहून पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. बाटली धुण्याच्या लांब ब्रशाशिवाय तो निघत नाही. ओला दाणा आणि एकाच बशीत अनेक पक्ष्यांचे तोंड लागणे यांतून रोग पसरतात. ब्रिटनमध्ये 2005 पासून ट्रायकोमोनोसिस नावाच्या रोगाने ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली, आणि फीडरवर एकत्र येणारे पक्षी हे त्याच्या प्रसाराचे एक कारण मानले जाते. हा रोग मुळात पारवे आणि होले यांच्यात आढळणारा आहे, आणि दोघेही आपल्या अंगणातले नित्याचे पाहुणे. तेव्हा दर पंधरा दिवसांनी नऊ भाग पाणी आणि एक भाग ब्लीच या द्रावणाने फीडर धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून आणि पूर्ण वाळवूनच पुन्हा भरावा. वाळवण्यासाठी मात्र आपले ऊन उत्तम आहे. आर्द्रा लागल्यापासून हस्त सरेपर्यंत नळी पूर्ण भरू नये, एका दिवसात संपेल एवढाच दाणा घालावा.

दाणा कोणता, याची फार चर्चा करण्याचे कारण नाही. पाकिटातून मिळणारे महागडे मिश्रण घेण्याची गरज नाही. जळगावच्या दाणा बाजारात किंवा आपल्या गावच्या किराणा दुकानात मिळणारी बाजरी, तांदळाची कणी आणि राळा एवढे चिमण्यांना आणि मुनियांना पुरते, ज्वारी होल्यांना आवडते. शेव, फरसाण, खारे दाणे किंवा मिठाचा भात घालू नये. बुलबुल नळीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्यासाठी पिकलेल्या केळ्याचा किंवा पपईचा तुकडा फांदीच्या खुंटावर खोचावा. साळुंकीला काडीवर नीट बसता येत नाही, आणि लहान पक्ष्यांना त्यामुळे निवांतपणा मिळतो, हा या रचनेचा मला सर्वांत आवडलेला गुण आहे. खार मात्र तारेवरून उतरते आणि भोकाच्या कडा कुरतडते. कडा धातूच्या असलेला फीडर मिळाला तर थोडे अधिक पैसे देऊन तोच घ्यावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी हा फीडर सुचवणार नाही. गॅलरीत पारव्यांचा शिरकाव झाला की चिमण्या येत नाहीत, खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टरफले आणि विष्ठा पडते आणि शेजाऱ्यांशी विनाकारण कटुता येते. त्यांनी कुंभाराकडून पसरट परळ आणून त्यात दोन इंचांपेक्षा कमी पाणी, आणि पक्ष्याला पाय टेकायला एक दगड, एवढेच ठेवावे. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपत असल्यामुळे ते प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यापेक्षा थंड राहते. ते रोज ओतून नवे भरले, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत. अंगणवाल्यांनीही हे परळ ठेवावे, पण फीडरच्या थेट खाली नव्हे, नाहीतर सगळी टरफले पाण्यात पडतात.

भाद्रपद-आश्विनात शिवारातली बाजरी भरते, तेव्हा फीडरवरची वर्दळ कमी होते. त्या दिवसांत जागा चुकली असे समजून फीडर हलवू नये. पक्ष्यांना ठिकाण ओळखीचे झालेले असते आणि ते परत येतात. वैशाखात शेते उघडी पडतात आणि दाणा दुर्मिळ होतो, तेव्हा या वस्तूची खरी गरज भासते. ज्यांच्या घराला पूर्वेचे अंगण आहे, त्यात एखादे सावलीचे झाड आणि दहा फुटांवर एखादे दाट झुडूप आहे, त्यांनी साडेपाचशे रुपये खुशाल खर्च करावेत. ज्यांच्याकडे झुडूप नाही, त्यांनी आधी या पावसाळ्यात मेंदीची कलमे लावावीत आणि फीडर पुढच्या वर्षी आणावा.